चकलीबरोबर प्रश्न

एका शिष्येने एकदा गुरुजींसमोर कादंबरी आपटलीच. गुरुजी वयोवृद्ध, आवडीने चारचौघांना जुन्या इंग्रजी प्रेमकथा शिकवीत. शिष्या चाळिशीची, गृहिणी, आणि त्या दिवशी भलतीच अस्वस्थ.

"या नायिकेचे मामा-मामी काय कामाचे, गुरुजी? पोरगी एका तरुणाला नकार देऊन झुरते आहे आणि ही दोघं तिला समुद्रकाठी फिरवतात! एका शब्दाने विचारत नाहीत!"

"तुझ्या घरी काय चाललंय?" गुरुजींनी विचारले.

मग सगळे बाहेर आले. तिच्या बहिणीच्या मुलीने, शर्वरीने, एक चांगला मुलगा नाकारला होता. तेव्हापासून ती धड जेवत नव्हती. वडील येत्या रविवारी दुसरे स्थळ पक्के करणार होते. मावशीने तिला हवापालटासाठी म्हणून घरी आणले खरे. पण पाच दिवस झाले, जेवायला वाढताना कितीही खोदून विचारले तरी पोरगी ब्र काढायला तयार नाही.

गुरुजींनी चहा मागवला, चकल्यांची बशी पुढे सरकवली आणि एकाएकी सरबत्तीच सुरू केली. "घे ना. डोळे का सुजलेत? नवऱ्याशी खटका उडाला? अजून एक घे. त्या मुलीचं तू एवढं मनाला का लावून घेतेस? तुझ्या लग्नाच्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं का?"

शिष्येचा हात बशीतच थांबला. गुरुजींना आज झालंय तरी काय, तिला कळेना. "काही नाही, गुरुजी," ती तुटकपणे म्हणाली आणि पदर सावरून उठू लागली.

"बैस," गुरुजी मृदू स्वरात म्हणाले. "शर्वरीही तुला हेच सांगते ना? मी मायेनेच विचारत होतो, तरी तू मिटलीस. त्या मामा-मामींनाही उत्सुकता होतीच. त्यांनी ती आवरली. मुलीसोबत राहिले, पण तिच्याकडे काही मागितलं नाही. तू वाढतेस मायेने, पण प्रत्येक घासाला जबाब मागतेस. उत्तराची घाई तिला आहे की तुला?"

शिष्येला वाईट वाटले, रागही आला. ती तशीच घरी गेली.

संध्याकाळी ती आणि तिचे यजमान भाजी आणायला निघाले, तेव्हा शर्वरी आपणहून चपला घालून आली. मंडईपर्यंत तिघे मुकाट चालले. मावशीच्या जिभेवर प्रश्न नुसते वळवळत होते. काकांनी मेथीची जुडी निवडली, परत ठेवली, दुसरी उचलली.

"मावशी," शर्वरी अचानक म्हणाली, "बाबांना सांगशील? रविवारी कुणाला बोलावू नका. मला त्यालाच पुन्हा भेटायचंय. चूक माझी होती."

कोणती चूक, कधी, कशी, सगळे मावशीच्या ओठांवर आले.

"सांगते," ती म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तिने शर्वरीचा हात धरला.