न्यूट्रॉनची कोरी पाटी

फार जुनी गोष्ट. त्या दिवशी कोवळं ऊन होतं, गार वारा सुटला होता आणि त्या वाऱ्यावर हेलियमचा एक दुर्मिळ अणू तरंगत होता. मधल्या खोलीत दोन प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन दाटीवाटीने राहत. बाहेर दोन इलेक्ट्रॉन घिरट्या घालत. प्रोटॉनांकडे अधिकची पाटी, इलेक्ट्रॉनांकडे वजाची. न्यूट्रॉनची मात्र कोरी.

"काय कोरोबा, नुसती जागा अडवता होय?" इलेक्ट्रॉन चिडवायचे.

न्यूट्रॉनच्या मनाला लागलं. तो रुसून घराबाहेर निघाला. जरासा सरकला तोच दोन्ही प्रोटॉन एकमेकांना ढकलू लागले. सारख्या पाटीवाल्यांचं पटतंय कुठे! घर फुटायची वेळ आली. न्यूट्रॉन धावत मध्ये आला आणि त्याने दोघांना घट्ट धरलं.

शेजारचा प्रोटॉन धापा टाकत म्हणाला, "अहो, पुढच्या वेळी रुसायचंच असेल, तर बसल्या जागी रुसा!"