नाव नसलेला नमुना

एकदा एका वृद्ध वैद्यकाचार्यांकडे एक तरुण डॉक्टर जंतुशास्त्र शिकायला राहिला. शिष्य हुशार होता, कष्टाळूही होता. काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके उगवले, की त्याच्या चेहऱ्यावर शिकार साधल्याचा आनंद दिसे. आणि शिकारीचा नाद लागलेल्या माणसाला प्रत्येक झुडपात वाघ दिसतो, हे काय सांगायला हवे?

त्या रुग्णालयात गिरजाबाई नावाच्या एक आजी मोडलेला हात बसवून घ्यायला दाखल झाल्या होत्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांची लघवीही तपासायला गेली आणि शिष्याच्या बशीत भरघोस जंतू उगवले. तो धावतच आचार्यांकडे आला.

"सर, हा जंतू साध्या गोळ्यांना दाद देणार नाही. आजच जोरदार इंजेक्शने सुरू करू या."

"आजींना ताप आहे? लघवीला जळजळ?"

"नाही. पण जंतू आहे ना, सर."

"आणि त्यांची मूत्रपिंडे?"

शिष्य घुटमळला. "थकलेली आहेत. या औषधाने आणखी बिघडू शकतात. पण जंतू दिसत असताना गप्प कसे बसायचे?"

आचार्य आतल्या खोलीत गेले आणि एक बंद नळी घेऊन आले. तिच्यात कापसाचा बोळा लावलेली काडी होती. वर नाव मात्र नव्हते.

"उद्यापर्यंत थांब. तोवर आजींना ताप येतो का, यावर मी स्वतः लक्ष ठेवतो. तू हा नमुना वाढव, आणि या रुग्णाचे काय करायचे ते मला सांग."

शिष्याला राग आला, पण गुरूंचा शब्द त्याने मोडला नाही. दुसऱ्या दिवशी तो बशी घेऊन आला तेव्हा आचार्य पेरू खात होते.

"सर, हा रुग्ण आहे कुठे? सोनेरी ठिपक्यांनी बशी भरून गेली आहे. हा जंतू रक्तात उतरला तर माणूस हातचा जाईल. त्याला ताबडतोब दाखल करून घ्या."

आचार्यांनी फोडीला मीठ लावले. "एवढी फोड संपवू दे. मग होतो दाखल."

शिष्याने बशी खाली ठेवली.

"ती काडी मी माझ्याच नाकात फिरवली होती," आचार्य म्हणाले. "कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात हा जंतू बिऱ्हाड करून असतो. माझ्याकडे तर तो जुना भाडेकरू आहे. म्हणूनच रुग्णाला हात लावण्याआधी मी दर वेळी हात धुतो. पण तो आहे म्हणून मी आजारी ठरत नाही. जंतू तिथे होता, एवढेच बशी सांगते. तो काय करतो आहे, हे माणसाला विचारावे लागते. उद्या आजींना ताप आला, जळजळ झाली, तर औषध दे असे मीच तुला सांगेन. आज दिलेस तर घाव त्यांच्या मूत्रपिंडांवर बसेल, आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावतील. बशी तू पुन्हा पुन्हा पाहिलीस. आजींच्या खाटेशी किती वेळ बसलास?"

शिष्याने हात धुतले आणि तो वॉर्डात जाऊन गिरजाबाईंच्या खाटेशी बसला.

"आजी, लघवीला त्रास होतो का काही?"

"न्हाई रं बाबा, तसलं काय न्हाई. पर सकाळधरनं ह्यो पलस्तर लई आवळतोय बघ. बोटं बधिर झाल्यात. सांगायचं कुणाला, समदे घाईत."

त्याने चादर बाजूला केली. बोटे सुजली होती, निळसर आणि गार पडली होती. आणखी काही तास कोणी पाहिले नसते तर हात गेला असता, हे त्याला क्षणात कळले. त्याने अस्थितज्ज्ञांना तिथेच बोलावून घेतले. प्लास्टर कापले गेले. बोटांवर हळूहळू रंग परतेपर्यंत तो त्यांचा हात उशीवर उंच धरून बसून राहिला.

इंजेक्शने द्यावी लागली नाहीत. हात बरा होऊन आजी घरी गेल्या. पुढे शिष्याच्या बशीत जंतू रोजच उगवत राहिले, पण आता बशी हातात घेतली, की तो आधी विचारी, "हे कोणाचे? आणि त्या माणसाला कसे वाटते आहे?"