कोरा कान

“म्हणजे हा नाद नसून आजार आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी कुठं काय म्हणलो?” रेवणबुवा म्हणाले, आणि सुपातल्या तुरीतला एक खडा उचलून त्यांनी अंगणात फेकला.

प्राध्यापक हेरंब दाबके यांनी सुस्कारा सोडला. पुण्याहून एसटी, पाथर्डीहून जीप आणि पुढे डोंगराची चढण. एवढं करून माणसाने वर यावं, जन्माचा प्रश्न विचारावा, आणि म्हाताऱ्याने खडे निवडत बसावं. मागच्या खेपेला बुवा शेळीला औषध पाजत होते. त्याच्या आधी चक्क झोपले होते.

बालाघाटच्या डोंगरातला हा नाथपंथी मठ म्हणजे एक धुनी, चिंचेचं झाड, पत्र्याच्या खोल्या आणि बुवा. बुवांच्या दोन्ही कानांच्या पाळ्या फाडलेल्या, त्यांत शिंगाची कुंडलं. मठाचा स्वयंपाक बघणारी ठकूबाई पडवीतल्या चुलीपाशी बसलेली असे आणि सगळं ऐकत असे.

दाबकेसरांनी उभा जन्म कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवलं होतं. निवृत्ती जवळ आली आणि त्यांचं मन फिरलं. परंपरेत जे गूढ ज्ञान आहे तेच खरं, आधुनिक पश्चिमेने माणसाचा आत्मा पळवला, असं ते सांगू लागले. हे त्यांना पटलं ते एका फ्रेंच पंडिताच्या पुस्तकामुळे, तेही इंग्रजी भाषांतरात. पण ही गोष्ट त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या कानात एक सूर सुरू झाला. बारीक, अखंड, रातकिड्यासारखा. साधकाला आतून घंटा, वेणू, भ्रमर असे ध्वनी ऐकू येतात, हे सरांनी वाचलेलं होतंच. न वाजवता वाजणारा, तो अनाहत नाद. सर हरखून गेले. देवघरापुढे बसून चक्क रडले.

आणि ही आनंदाची बातमी पहिली कोणाला सांगावी? तर लेकीला. शाल्मली जर्मनीत कानाची डॉक्टर होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कोणत्या कानात? चक्कर येते का? त्या कानाने ऐकायला कमी येतं का? आणि म्हणाली, “बाबा, कान दाखवून घे. उद्याच. उशीर झाला तर गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.”

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिला पश्चिमेच्या अधःपतनावर एक व्याख्यान ऐकवलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी तिचा फोन घेतला नव्हता. ती करत राहिली, हे कापत राहिले. बायको गेल्यापासून त्यांना ती एकच होती, तरीही.

आता बुवांनी एकदा म्हणावं की हा नादच आहे, आणि उजव्या कानात उपदेश द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. मग ते वाक्य लेकीच्या तोंडावर फेकता आलं असतं. खरं सांगायचं तर मोक्षापेक्षा त्यांना त्या वाक्याचीच भूक जास्त होती.

“बुवा, ही सगळी विषवल्ली पश्चिमेकडून आली आहे,” सर पुन्हा सुरू झाले. जे मोजता येतं तेवढंच खरं, हे खूळ तिकडचं. तिथल्या माणसाला स्वर्ग दाखवला तरी तो आधी त्याचं वजन विचारेल. आणि आपली पोरं तिकडे जाऊन तेच शिकून येतात, आणि आपल्यालाच आजारी ठरवतात.

बुवा ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“आमच्यात एक वाट सांगत्यात,” ते म्हणाले. “पाठीच्या कण्यातनं वर जायची. तिला पश्चिमेची वाट म्हणत्यात. तिचं काय करू? बुजवू?”

हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर एक लेखही लिहिला होता. म्हणून तर ते जास्त चिडले. ती पश्चिम वेगळी, ही वेगळी, असं त्यांनी बजावलं. बुवांनी मान डोलावली आणि आणखी एक खडा फेकला.

...

“मास्तर, तुझी पिशवी वाजतीय,” बुवा म्हणाले.

सरांनी आधी डावीकडे बघितलं. पिशवी त्यांच्या उजव्या हाताशीच होती. त्यांनी दचकून फोन बाहेर काढला, बघितला, कापला आणि परत आत टाकला.

“कोण व्हतं?”

“कोणी नाही.”

“कोणी न्हाई कसं?” ठकूबाई चुलीपासून म्हणाली. “पोरीचा फोटू दिसला की.”

सर तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत बुवांकडे वळले. आता त्यांचा धीर सुटत चालला होता. या मठाची रीत त्यांना तोंडपाठ होती. उपदेश उजव्या कानात द्यायचा, एकदाच द्यायचा, दुसऱ्यांदा सांगायचा नाही. आणि ज्याला द्यायचा त्याचा कान कोरा हवा. ज्या कानाने आधी दुसऱ्या कोणाचा उपदेश घेतला असेल, तो कान उष्टा. उष्ट्या पानात जसं दुसऱ्याला वाढत नाहीत, तसं उष्ट्या कानात बुवा फुंकत नसत. पहिल्या भेटीतच बुवांनी हे विचारलं होतं आणि सर अभिमानाने म्हणाले होते की मी आजवर कोणाचंही ऐकलेलं नाही.

प्राध्यापकाच्या बाबतीत हे खरं मानायला काहीच हरकत नव्हती.

“माझा कान कोरा आहे, बुवा,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “मी आणखी किती वेळा डोंगर चढू? द्यायचं नसेल तर तसं सांगा. पण हे खडे निवडणं बास करा.”

बुवांनी सूप खाली ठेवलं. हात झटकले.

“बस. उजवा कान इकडं कर.”

सरांचा क्षणभर विश्वासच बसला नाही. मग त्यांनी चष्मा काढला, मांडी घातली, डोळे मिटले. बुवा सरकून जवळ आले आणि त्यांनी तळहाताने सरांचा डावा कान झाकला. दाढी गालाला लागली, तंबाखूचा वास आला, कानावर ऊन ऊन श्वास पडला.

...

आणि त्यांना ऐकू आला तो फक्त तो सूर.

शब्द नव्हता. अक्षर नव्हतं. श्वास आला, थांबला, पुन्हा आला आणि बाजूला झाला. सरांना आधी कळेना. मग लख्ख कळलं, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“समजलं,” ते हात जोडून म्हणाले. “शब्द नाहीच. मौन हाच मंत्र. नादापलीकडची निःशब्द जागा तुम्ही दाखवलीत.”

आणि जन्माची खोड जाते कुठे? ते बुवांना समजावून सांगू लागले की बुवांनी नुकतं काय केलं. वाणीच्या चार पायऱ्यांपैकी ही सर्वांत वरची. पश्चिमेला ही कधी कळलीच नाही, कारण तिथे शब्द संपला की माणूस संपतो...

ठकूबाईने तोंडाला पदर लावला. तरी हसू आवरलं नाही.

“हसण्यासारखं काय झालं?” सर गरजले.

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांचाही धीर आता सुटला होता.

“ठके, तुला हितवर ऐकू आलं?”

“आलं की.”

“मग सांग ह्याला. मी काय म्हणलो?”

“चहा कपात देऊ का पितळीत, असं म्हणला. दोनदा म्हणला.”

चुलीवर चहा उतू जाऊन विस्तवात चर्र झालं आणि ठकूबाई तिकडे वळली.

सरांचा चेहरा आधी तापला. ही थट्टा झाली, ते म्हणाले. पवित्र जागी बसवून केलेली थट्टा. मी अडाणी भाविक नाही.

“थट्टा न्हाई, बाबा,” बुवा म्हणाले. “घागरीत पाणी वतायच्या आधी घागर गळती का बघत्यात. पिशवी उजव्या अंगाला वाजत व्हती आन् तू डावीकडं हुडकत व्हतास.”

सर उठायला निघाले होते, ते तसेच खाली बसले. त्यांनी हळूच डावा तळहात डाव्या कानावर दाबला.

“बोला,” ते म्हणाले.

बुवांचे ओठ हलले. ठकूबाईनेही वळून काहीतरी म्हटलं. चिंचेवर कावळा चोच उघडत होता, मिटत होता. सरांच्या कानात तो एकच बारीक सूर होता, बाकी सगळं जग पुसल्यासारखं झालेलं.

ते घाबरले. साधं, लहान मुलासारखं घाबरले. हिवाळाभर ते रेडिओ डाव्या बाजूला का ठेवत होते, वाण्याच्या दुकानात मान तिरकी का करत होते, हे सगळं एकदम पुढे येऊन उभं राहिलं. उद्याच दाखव, ती म्हणाली होती. त्या उद्याला महिने लोटले होते.

हात काढल्यावर त्यांना आपलाच आवाज बारीक वाटला.

“म्हणजे इतके दिवस मी नुसता आजार ऐकत बसलो?”

“नुसता कशाला म्हणतोस? ऐकत तर व्हतास.”

“पण नाद की आजार? एक काहीतरी सांगा, बुवा.”

“दोनी असंल. मला काय म्हाईत? कान तुझा.”

एरवी या उत्तराने सर पेटून उठले असते. आता त्यांच्यात त्राण नव्हतं. ठकूबाईने चहा आणून ठेवला, न विचारता, कपात. त्यांनी त्याला हात लावला नाही.

“मग डाव्या कानात द्या,” ते अजिजीने म्हणाले. “रीत मोडते, कळतं मला. किंवा उजव्यातच मोठ्याने बोला. कसंही द्या. मी कॉलेज सोडलं, माणसं तोडली, लेक तोडली. रिकामा कसा खाली उतरू?”

बुवांनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मघाचा वैताग त्यांच्या तोंडावरून उतरला होता.

“लेक काय म्हणली व्हती?”

“सांगितलं ना मघाशी.”

“परत सांग.”

“कान दाखवून घे. उशीर करू नकोस.”

“फोनवर?”

“हो.”

“फोन कंच्या कानाला व्हता?”

सर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. जन्मभर ते फोन उजव्या कानाला लावत आले होते. तो अलीकडे डाव्या कानाकडे जाऊ लागला होता. कधीपासून, का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी... त्या दिवशी ते देवघरापुढून उठले होते, खिडकीत उभे होते, आणि शाल्मलीचा आवाज अगदी जवळून, स्पष्ट आला होता. त्या कानाने त्यानंतर तसं काहीच ऐकलं नव्हतं.

“उजव्या,” ते म्हणाले.

पिशवी पुन्हा वाजू लागली. या वेळी त्यांनी मान वळवून डावा कान तिच्याकडे केला.

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

“मग खोटं बोललास, मास्तर. कान कोरा न्हाई तुझा. उष्ट्या कानात मी फुंकत नसतो.”