मशीनला काय जमत नाही?

"एकच प्रश्न! तिघांना तोच! आणि उत्तरावरनं मशीन ठरलं पाहिजे!" बाळगोंडा अण्णांनी टेबलावर मूठ आपटली, तसे चहाचे कप बशीत नाचले.

अण्णांचा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा कारखाना होता आणि त्यांचा हट्ट त्या कारखान्याहून मोठा होता. इतकी वर्षं तिथं जाड लोखंडी प्लेटा गॅसच्या ज्योतीनं, हातानं कापल्या जात. कापणाऱ्याला शिंक आली की गोल चकतीचं रताळं व्हायचं! गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा कुठं अण्णांनी प्लाझ्मा मशीन घ्यायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, की मशीनचा टॉर्च, म्हणजे कापायचं तोंड, त्या रेघेवरून आपोआप फिरणार आणि विजेनं तापलेल्या हवेचा झोत लोखंड वितळवत जाणार!

तीन कंपन्यांची तीन माणसं आली. तिघांनी सकाळपासून एकच गाणं लावलं होतं, "लोण्यात सुरी फिरावी तसं कापतं, मालक!" ऐकून ऐकून अण्णांचं डोकं भणभणलं आणि त्यांनी कारखान्यातल्या माणसांना बोलावून हा फतवा काढला.

"किंमत विचारायची नाही. मशीन चालवून बघायचं नाही. तुम्ही प्रत्येकानं एकच प्रश्न विचारायचा. आणि ज्याची निवड चुकेल, त्यानं उद्यापासून दुसरीकडं काम बघायचं!"

मॅनेजर कुरणे घसा खाकरून पुढं झाले. "मशीन टिकाऊ आहे का?"

"एकदम!" तिघं एका सुरात म्हणाले. कुरणे मागं सरले.

अण्णांचा पुतण्या अभिनंदन इंजिनिअर होता. त्यानं टाय सरळ केला. "अचूकता किती?"

"अर्धा एमएम!" पुन्हा तोच सूर. अभिनंदननं टाय सैल केला.

"झालं?" अण्णा गरजले. "एवढी पगारी माणसं पाळलीत, एकाला प्रश्न विचारता येईना?"

दारात छबू सुतार उभी होती. कापलेल्या प्लेटांच्या कडेला चिकटलेला लोखंडाचा मळ ग्राइंडरनं घासून काढायचा, हे तिचं नऊ वर्षांचं काम. कड कशी कापली गेलीय हे तिला डोळे मिटून, नुसतं बोट फिरवून कळायचं. नोकरी गेली तर काय, हा विचार तिच्याही मनात आला. पण जीभ काही गप्प बसेना.

"अण्णा, मी विचारू?"

कुरणे फिस्सकन हसले. "तुला गं प्लाझ्माचं काय कळतं?"

"तुमच्याइतकंच, साहेब. पण माझा प्रश्न अजून शिल्लक आहे!"

अण्णांच्या मिशीत हसू हललं. "विचार."

छबूनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "तुमच्या मशीनला काय जमत नाही?"

पहिला छाती फुगवून म्हणाला, "जमत नाही हा शब्दच आमच्याकडं नाही! पत्रा द्या, पहाड द्या!"

दुसरा गोड हसला. "ताई, आमचं मशीन आजवर कशालाच नाही म्हणालेलं नाही."

तिसरा सदाशिव टोणे. ठिणग्यांनी त्याच्या शर्टाच्या बाह्यांना बारीक बारीक भोकं पडलेली. त्यानं कपाळ खाजवलं.

"मालक, ऐकायला वेळ किती आहे?"

"बोल तू!"

"लाकूड, दगड कापत नाही. ज्यातनं वीज जात नाही ते नाहीच. वीस एमएमपर्यंत प्लेटच्या मधोमध भोक पाडून सुरुवात होते, त्याहून जाड असली तर कडेनंच शिरावं लागतं. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक सरळ येत नाही, वर मोठं आणि खाली बारीक होतं. तिथं आपलं ड्रिलच बरं. हवेत ओल असली की टॉर्चच्या टोकाचं नोझल जळतं, म्हणून कॉम्प्रेसरची हवा सुकवून घ्यावी लागते. आणि धूर! धूर ओढायची सोय आधी करा, मशीन नंतर घ्या."

कुरणेंनी कपाळावर हात मारला. "हा विकायला आलाय की मोडता घालायला?"

छबूनं मात्र टेबलावरचे तीन कोरे कागद उचलले आणि तिघांपुढं एकेक ठेवला. "आत्ता बोललात ते यावर लिहा आणि खाली सही करा. खोटं निघालं तर मशीन परत न्यायचं."

"ए, ए! एकच प्रश्न ठरला होता!" कुरणे ओरडले.

"हा प्रश्न कुठाय, साहेब? हा कागद आहे!"

पहिला कागदाकडं विंचू बघावा तसा बघायला लागला. "सहीला... हेड ऑफिसची परवानगी लागते." दुसऱ्याचं पेन उठेना. अण्णांनी स्वतःचं पेन पुढं केलं, तशी त्याला एका तातडीच्या फोनची आठवण झाली आणि तो जो अंगणात गेला, तो परत आलाच नाही!

टोणेनं सगळं लिहून काढलं, सही ठोकली आणि ओशाळून म्हणाला, "लिहिताना सहावी खोड आठवली. तीही घातलीय."

अण्णांनी कागद वाचला. भुवया वर चढल्या. "अगं छबे, हा स्वतःच्याच मालाच्या सहा खोडी सांगतोय. खोडीचं मशीन घेऊ होय?"

"अण्णा, सासूच्या सहा खोडी कोण सांगते? जी तिच्याजवळ नांदलीय तीच! बाकीचे दोघं नुसता फोटो बघून स्थळ घेऊन आलेत!"

अण्णांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे खदाखदा हसले की पत्र्यावरची कबुतरं उडाली!

"टोणे, मशीन तुझं पक्कं!" डोळे पुसत ते म्हणाले. "आणि ते चालवणार छबू! पंधरा दिवस शिकायला पाठवायचं, भरपगारी. आल्यावर पगार दीडपट!"

अभिनंदन चाचरत म्हणाला, "आणि काका, मी? इंजिनिअर मी आहे ना!"

"तू?" अण्णांना पुन्हा हसू फुटलं. "तू तिच्या हाताखाली शीक, बाळा. आधी तो टाय काढ, ठिणगी लागेल!"