रुजायचा कागद

वसईच्या किल्ल्यावर फिरंग्यांचं निशाण फडकत होतं, तेव्हाची ही गोष्ट. जवळच्या पालोरे गावात रुजाय नावाची तांबटाची लेक होती. बाप गेल्यावर तीच भांडी घडवायची, त्यांवर वेलबुट्टी कोरायची. तिच्या कोरणीखाली तांबं लोण्यासारखं कापलं जायचं, असं म्हणतात.

एकदा गलबतातून पाद्रीबाबांकडे छापील चित्र आलं. दुःखी मारियामाता, छातीत सात तलवारी. पाद्रीबाबांनी रुजायला सांगितलं, हे तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोर, म्हणजे शाई भरून कागद दाबला की सुलटं उमटेल आणि घरोघरी माता जाईल. रुजायनं आनंदानं काम घेतलं.

मग किल्ल्याचा कप्तान आला. चित्रात मातेच्या पायाशी हात जोडून बसलेला मी दिसलो पाहिजे, म्हणाला. याच कप्तानानं गावातले एकवीस पुरुष वल्ही मारायला जबरदस्तीनं नेले होते. एकही परतला नव्हता. त्यांत रुजायचा भाऊ इनास होता. तिची आई रोज किनाऱ्यावर जाऊन बसायची, आणि हा मातेच्या पायाशी बसणार होता.

रुजाय पत्रा घेऊन घरात गेली. नऊ दिवस दार लावून कोरत राहिली. तिच्या रागानं पत्रा इतका तापायचा की हातात धरवत नसे, असं म्हणतात.

मातेच्या सणाच्या सकाळी तिनं स्वतः कागद छापले आणि पाद्रीबाबांच्या देवळाच्या दारात वाटले. चित्रात कप्तान होता, अगदी हुबेहूब. पण हात जोडलेले नव्हते. सातही तलवारींच्या मुठी त्याच्या हातांत होत्या.

कप्तानानं तिला चौकात उभं केलं आणि पत्र्यावरचा आपला चेहरा खरवडायला सांगितलं.

"एकवीस जण परत आणा," रुजाय म्हणाली, "मग खरवडते."

त्यानं हातोड्यानं तिची बोटं मोडवली. लोहाराकडून पत्रा घासून गुळगुळीत केला. खात्रीसाठी त्यावर कागद दाबला, तर तोच चेहरा आणखी काळा उमटला. तीनदा घासला, तीनदा उमटला. शेवटी कप्तान तोंडाला रुमाल बांधून जहाजावर चढला, तो पुन्हा दिसला नाही, असं म्हणतात.

रुजाय म्हातारी होऊन मरायला टेकली, तेव्हा त्या वेळचे पाद्रीबाबा म्हणाले, "आता तरी त्याला माफ कर, बाई."

"आधी वीस घरांना विचारून या," ती म्हणाली. "माझं घर शेवटी."

पालोऱ्यात आजही कुणी गरिबावर जुलूम केला, की बायका त्याच्या दारावर एक कोरा कागद चिकटवतात. त्याला रुजायचा कागद म्हणतात. तो माणूस कितीही मोठा असो, कागद फाडत नाही. हळूच काढतो, उन्हात धरतो आणि उलटसुलट करून बघत राहतो.