नर्सबाईंची सायकल

गावच्या दवाखान्यातल्या नर्स द्वारकाबाईंनी पंचेचाळिशी उलटल्यावर सायकल शिकायला घेतली, आणि रोज संध्याकाळी चावडीपुढे पडायचा त्यांचा नेमच झाला. आजही त्या आपटल्या. आपल्याच्यानं हे जन्मात जमायचं नाही, असं वाटून सोललेला गुडघा धरून मातीतच बसून राहिल्या.

चावडीवरून सरपंच ओरडले, "बाई, या वयात कशाला हे थेर? सगळं गाव हसतंय तुम्हाला!"

द्वारकाबाईंनी डोळे पुसले. "हसू द्या, सरपंच. मागच्या महिन्यात माळावरच्या वस्तीवर मी पायी पोचले, तोवर बाळंतीण गेली होती. अख्खी वस्ती रडत होती. त्यापेक्षा गाव हसलेलं बरं."

सरपंचांची मान खाली गेली. द्वारकाबाईंनी सायकल उचलली, टांग टाकली आणि पुन्हा पडल्या. या वेळी कुणी हसलं नाही.