सात दारं बुजवलेला बांध

खूप जुनी गोष्ट आहे, लहानथोरांनो. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते आता कोणाला आठवत नाही. पण खाडीच्या तोंडाशी वसलेल्या त्या गावाचं काय झालं, ते अजून सांगितलं जातं.

गाव सखल होतं. भरतीच्या वेळी समुद्र गावातल्या शेतांपेक्षा उंच चढे. म्हणून जुन्या माणसांनी मातीचा लांब बांध घातला होता आणि त्यात सात लाकडी दारं बसवली होती. गावात त्यांना उघाड्या म्हणत. भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की उघाडी आपोआप मिटे. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून समुद्राकडे निघून जाई.

या सात दारांची राखण येसूकाकी करत असे. म्हातारी रोज ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरे, दारांत अडकलेलं शेवाळ आणि काटक्या काढी, बिजागरींना माशाचं तेल लावी.

एका भाद्रपदात मोठं उधाण आलं. वाहत आलेला ओंडका एका दारात अडकला आणि दार मिटेना. येसूकाकीने पहार लावली, जिवाच्या आकांताने हाका मारल्या. माणसं धावत येईपर्यंत समुद्र शेतांत शिरला होता. भात गेलं. गुरं सोडवायला गेलेला खोताचा एकुलता एक मुलगाही गेला.

खोत गावचा धनी होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसानंतर त्याला समुद्राशिवाय दुसरं काही दिसेना. मुलाचे दिवस होताच त्याने धाकू पाथरवटाला बोलावलं.

"धाकू, मातीचं काम पुरे झालं. आता दगडी बांध घाल. दुप्पट उंच. आणि त्यात एक भोकसुद्धा नको."

"आणि उघाड्या, धनी?"

"बुजव. त्यातूनच आला ना तो आत?"

मग पावसाचं पाणी जाणार कुठून, हा प्रश्न धाकूच्या अगदी ओठांवर आला. त्याच्या बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं की खाडीच्या बांधाला दार हवंच. पण खोताचे सुजलेले डोळे पाहून तो गप्प राहिला.

खरं सांगायचं तर गप्प राहण्याचं तेवढंच कारण नव्हतं. धाकूने आयुष्यभर माती लिंपली होती. पावसाने खचलेला बांध सावरायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं. घडीव दगडाचा, पिढ्यान्‌पिढ्या उभा राहील असा बांध आपल्या हातून व्हावा, ही त्याची जुनी इच्छा होती. ती संधी समोरून चालून आली होती.

काम सुरू झालं. पहिलं दार बुजवायची वेळ आली तेव्हा येसूकाकी तिथे येऊन उभी राहिली.

"धाकू, तुला कळत नाही असं नाही."

"धन्याचा हुकूम आहे, काकी."

"मग धन्याला जाऊन सांग. माझं कोण ऐकणार? माझ्याच हातून घात झाला म्हणतात. तुझं ऐकतील."

"बांध पुरा होऊ दे. मग सांगतो."

ते सांगणं राहून गेलं.

धाकूने चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवला, दगडाला दगड असा बसवला की मध्ये सुई शिरू नये. बुजवलेल्या दारांच्या जागा कच्च्या राहतील अशी भीती होती, म्हणून तिथे त्याने भिंत दुप्पट जाड केली. बांध पुरा झाला तेव्हा लांबलांबची माणसं तो पाहायला आली. खोताने सगळ्यांसमोर धाकूच्या खांद्यावर शेला घातला.

पुढची चार वर्षं उधाणं आली आणि भिंतीवर आपटून परत गेली. पाऊस त्या वर्षांत बेताचाच झाला. शेतांत पाणी जरा जास्त दिवस उभं राही, कडेचं भात पिवळं पडे. खोताने एक तळं खणून घेतलं आणि भागवलं. लोकांची भीती गेली. टेकडीवरची घरं सोडून माणसं बांधाच्या पायथ्याशी मातीच्या भिंती उभारून राहू लागली. धाकूनेही आपली बायको सगुणा हिच्यासाठी तिथेच घर बांधलं.

पाचव्या वर्षी श्रावणात पाऊस लागला तो थांबेना. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगराकडून नदी फुटून आली. तळं भरलं, शेतं भरली, मग घरांत पाणी आलं. दुपारी ते छातीला लागलं.

बांधावर चढलेल्या माणसांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. बाहेर पूर्ण ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता आणि उघड्या चिखलावर खेकडे फिरत होते. आत गाव बुडत होतं. मध्ये धाकूची भिंत होती.

"फोड, धाकू!" खोत ओरडला. "फोड ती भिंत!"

धाकू पहार आणि घण घेऊन बाहेरच्या चिखलात उतरला. जुन्या दाराची जागा त्याला ठाऊक होती. त्याच्यामागून पंधरावीस गडी उतरले. त्यांनी घाव घातले, पण चुना सुटेना. तळहात सोलले, दोन पहारी वाकल्या, तेव्हा कुठे एक दगड निघाला. त्याच्यामागे दुसरा होता, त्याच्यामागे तिसरा.

आतल्या बाजूला सगुणाने केळीच्या खांबांचा तराफा केला होता. छपरांवर अडकलेली पोरं, म्हातारी माणसं ती एकेक करून बांधाशी आणत होती. पाच खेपा झाल्या. सहाव्या वेळी वरून कोणीतरी म्हणालं, "आता नको, सगुणा, भिंती विरघळायला लागल्यात."

"आतेबाई राहिल्यात शेजारच्या," ती म्हणाली आणि वळली.

ती त्या घराशी पोचली आणि घराची भिंत तिच्यावर आली.

दिवस कलता कलता बांधाला आरपार भोक पडलं. आतलं पाणी धो धो बाहेर निघालं आणि लोकांनी आरोळी ठोकली. पण ओहोटी संपली होती. पाहता पाहता समुद्र चिखल गिळत पुढे आला, भोकाशी पोचला आणि त्याच वाटेने आत शिरला. त्याला अडवायला आता तिथे दार नव्हतं. माणसांनी दगड टाकले, पोती टाकली, पाण्याने ती आत ओढून नेली. गोड्या पाण्यातून वाचलेली घरं खाऱ्या पाण्यात बसली.

सव्वीस माणसं गेली. सगुणा दोन दिवसांनी सापडली.

उरलेली माणसं टेकडीवर जमली. खोत मान खाली घालून म्हणाला, "असं होईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं."

धाकू उठून उभा राहिला. "मला ठाऊक होतं, धनी. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

कोणी त्याला मारलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. एकेक जण उठून निघून गेला. येसूकाकी मात्र बराच वेळ तिथे बसून राहिली.

शेतं खारावली. तीन वर्षं तिथे गवतही उगवलं नाही. निम्मं गाव परमुलखाला गेलं. खोत त्याच हिवाळ्यात अंथरुणाला खिळला आणि उठला नाही. धाकूने एकट्याने उरलेल्या सहा जागा फोडल्या आणि सातही दारं पुन्हा बसवली. त्याला दोन वर्षं लागली.

पुढे किनाऱ्यावरच्या एका दूरच्या गावातले पंच त्याच्याकडे आले. "तुझ्या हातच्या बांधाची कीर्ती ऐकली," ते म्हणाले. "आमच्याकडेही तसाच घाल. बिनफटीचा."

"दारं ठेवणार असाल तर येतो."

"दारं नकोत. लोक घाबरतात."

"मग येत नाही."

पंच रागावून निघून गेले. एरवी धाकूने तिथेच सोडून दिलं असतं. या वेळी तो त्यांच्यामागून दोन दिवसांची वाट चालून गेला आणि त्यांच्या चावडीत उभा राहिला. सगळं गाव जमलं होतं. त्याने पाण्याची गणितं सांगितली नाहीत, हातही जोडले नाहीत. मेलेल्या सव्वीस माणसांची नावं त्याने एकामागून एक घेतली. कोण कुठल्या घरात होतं, किती वर्षांचं होतं, तेही सांगितलं. शेवटचं नाव सगुणाचं होतं. ते घेऊन तो खाली बसला.

मग सगळ्यांत वडील पंचाने विचारलं, "किती दारं लागतील?"

लहानथोरांनो, एवढं मनात धरा: पाणी अडवताना त्याला जायला वाट ठेवावी, आणि ज्याला हे कळतं त्याने भिंत उभी राहण्याआधी बोलावं.